कापसाच्या पेठा आणि नगरांची वाढ : परभणी जिल्ह्यातील संलग्न व्यवसायांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे गाव नगर का होते आणि दुसरे गावच का राहते, या प्रश्नाची तीन उत्तरे परंपरेने दिली जातात. राजसत्तेचे ठाणे असणे हे पहिले, तीर्थक्षेत्र असणे हे दुसरे आणि मोठ्या मार्गांच्या संगमावर वसलेले असणे हे तिसरे. परभणी जिल्ह्यात या तिन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात. पाथरी हे मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. गोदाकाठचे गंगाखेड संत जनाबाईंमुळे यात्रेकरूंना परिचित आहे. पूर्णा हे लोहमार्गांच्या संगमामुळे वाढलेले गाव होय. परंतु विसाव्या शतकात या जिल्ह्यात ज्या गावांना पेठेचे रूप आले, त्या सेलू, मानवत व परभणी यांच्या वाढीचा उलगडा केवळ या तीन कारणांनी होत नाही. सेलूस राजकीय वैभवाचा वारसा नव्हता. मानवतला तर लोहमार्गही गावात आलेला नव्हता. तथापि कापसाच्या व्यापारात या दोन्ही गावांचे नाव जिल्ह्याच्या ठाण्याच्या बरोबरीने घेतले जाई.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचे चौथे उत्तर सुचविण्यात आले आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उद्योगधंद्यांच्या स्थानिकीकरणाचा विचार मांडला. एका धंद्यातील अनेक लहान कारखाने एकाच ठिकाणी वसले की त्या प्रत्येकास तीन लाभ होतात. कसबी मजूर जवळच मिळतो. अवजारे, दुरुस्ती, वाहतूक यांसारखे पूरक व्यवसाय आपण होऊन भोवती उभे राहतात. आणि धंद्यातील ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे सहज पसरते. हे लाभ कोणा एका कारखान्याच्या मालकीचे नसून गावाच्या मालकीचे असतात. म्हणून त्यांस बाह्य बचती असे म्हणतात. शंभर वर्षांनंतर, १९९० साली, अमेरिकन अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी हाच विचार नव्या परिभाषेत मांडला आणि संलग्न व्यवसायांचे समूह हे नगरांच्या व राष्ट्रांच्या प्रगतीचे साधन आहे, असे प्रतिपादन केले.

परभणी जिल्ह्यातील कापसाच्या पेठा या विचाराची कसोटी घेण्यास उपयुक्त आहेत. येथे संलग्न व्यवसायांचा समूह निःसंशय निर्माण झाला आणि त्याने गावांस नगरांचे रूपही दिले. परंतु ही वाढ एका मर्यादेपर्यंत जाऊन थांबली. समूह का निर्माण झाला, यापेक्षा तो पुढे का गेला नाही, हा येथील इतिहासाचा खरा प्रश्न आहे.

२. लोहमार्गापूर्वीची स्थिती

गोदावरी, दुधना व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ओल धरून ठेवणारी आहे. पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या देशी कापसास ती मानवते. येथे कापूस पूर्वापार होत आला. परंतु लोहमार्ग येण्यापूर्वी त्याचा मोठा भाग गावातच खपत असे. घरोघरी रेच्यावर सरकी वेगळी केली जाई, पिंजारी रुई पिंजून देई, सूत घरी निघे आणि कोष्टी, साळी व विणकर त्याचे कापड करीत. दूरच्या बाजारात जाणारा कापूस वंजारी व लमाणी तांड्यांच्या बैलांवरून किंवा गाड्यांतून जाई.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसास एकाएकी मागणी आली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोचला. त्यामुळे वऱ्हाडातील अकोला, अमरावती, खामगाव या पेठा फोफावल्या. निजामाच्या राज्यातील परभणीचा प्रदेश मात्र या मार्गाच्या दक्षिणेस राहिला. उत्तरेकडील हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती व तेथील बाजार भरभराटीचा होता. परंतु जवळचे लोहमार्गाचे ठिकाण म्हणजे वऱ्हाडातील अकोला. तेथवर गाड्यांनी माल नेणे हे दिवसांचे काम होते.

या अडचणीचे मर्म कापसाच्या स्वरूपात आहे. कपाशीतून वेचलेल्या कापसाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भागच रुई असते. बाकीचा बहुतेक भाग सरकीचा. कच्चा कापूस दूर नेणे म्हणजे दोन तृतीयांश वजन विनाकारण वाहणे होय. सरकी काढली तरी सुटी रुई फुगीर असते. गाडी भरते, परंतु वजन भरत नाही. शिवाय ती ठिणगीने पेटते व पावसाने भिजते. म्हणून सरकी काढण्याचे व रुई दाबून गाठी बांधण्याचे काम शेताच्या जवळ व्हावे लागते, आणि गाठी वाहून नेणारे साधन त्या जागेच्या जवळ असावे लागते. जेथे या तिन्ही गोष्टी जुळतात तेथेच कापसाची मोठी पेठ वसते. परभणीच्या मुलखात यांतील तिसरी गोष्ट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली.

३. लोहमार्ग व पेठांची मांडणी

१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते हैदराबाद हा मीटर मापी मार्ग सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड असा त्याचा क्रम. मनमाड येथे तो मुंबईच्या रुंद मापी मार्गास मिळे. त्यामुळे परभणीची गाठ मुंबईस जाताना मनमाडला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. ही अडचण मार्गाचे रुंदीकरण होईपर्यंत, म्हणजे १९९० नंतरच्या दशकापर्यंत, टिकून होती. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे आणि परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे फाटे निघाले.

या मार्गाने जुन्या गावांचा क्रम बदलून टाकला. पाथरी मार्गापासून दूर राहिली आणि तिचे जुने महत्त्व ओसरले. सेलूस स्थानक मिळाले आणि तेथे स्थानक व गाव यांच्या आश्रयाने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व आडतीची दुकाने उभी राहिली. परभणी हे जिल्ह्याचे ठाणे आणि लोहमार्गाचे स्थानक अशा दोन्ही नात्यांनी वाढले.

मानवतचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. स्थानकाचे नाव मानवत रोड. गाव स्थानकापासून काही अंतरावर. केवळ लोहमार्गानेच पेठा ठरत असत्या, तर मानवतचा बाजार हळूहळू स्थानकाकडे सरकावयास हवा होता व जुने गाव ओस पडावयास हवे होते. तसे झाले नाही. आडत्यांच्या पेढ्या, सावकारी, शेतकऱ्यांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या ओळखी आणि मालाची पारख असणारे लोक गावात होते. ते एकदम उचलून दुसरीकडे नेता येण्याजोगे भांडवल नव्हते. कारखानदारांस स्थानकापर्यंत गाठी वाहण्याचा खर्च सोसूनही गावातील बाजाराजवळ राहणे परवडले. मार्गाने संधी दिली, परंतु पेठ टिकविली ती परस्परांशी बांधलेल्या व्यवसायांनी, असा निष्कर्ष यातून निघतो.

४. मोंढ्यातील व्यवसायांची गुंफण

मराठवाड्यात घाऊक बाजाराच्या आवारास मोंढा म्हणतात. दिवाळीनंतर मोंढ्यात कापसाच्या गाड्या येऊ लागत आणि होळीपर्यंत हंगाम चाले. एका गाडीतील कापूस गाठीच्या रूपाने आगगाडीत चढेपर्यंत किती हातांतून जाई, हे पाहिले म्हणजे समूहाचे स्वरूप स्पष्ट होते.

शेतकरी गाडी आडत्याच्या दुकानापुढे सोडी. आडत्या हा केवळ विक्रीचा मध्यस्थ नसे. पेरणीच्या वेळी उचल देणारा, लग्नकार्यास पैसा पुरविणारा आणि रात्री मुक्कामास जागा देणारा तोच असे. मारवाडी, गुजराती, कोमटी व स्थानिक वाणी या व्यापारी जातींतील पेढ्या या धंद्यात होत्या. खरेदीदार कापूस हातात घेऊन त्याचा धागा ओढून पाही, ओल व कचरा अजमावी आणि भाव सांगे. जुन्या पद्धतीत हा भाव रुमालाखाली बोटे धरून ठरविला जाई. सौदा झाला की तोलारी वजन करी, हमाल माल उतरवी आणि दिवाणजी पट्टी लिही. पट्टीत आडत, हमाली, तोलाई व धर्मादाय यांची कपात मांडली जाई.

तेथून कापूस जिनिंगमध्ये जाई. एका छपरात ओळीने मांडलेल्या रोलर-जिनांवर बहुधा स्त्रिया कापूस घालीत. कातडी रोलर रुई ओढून घेई आणि सरकी खाली पडे. हे रोलर झिजत. त्यांवरील खाचा पुनःपुन्हा कोराव्या लागत, कातडे बदलावे लागे, पाती घासाव्या लागत. म्हणून प्रत्येक पेठेत फिटर, लोहार, सुतार व चामड्याचे काम करणारे कारागीर जमले. एका कारखान्यास वर्षभर पुरेल इतके दुरुस्तीचे काम नसे. परंतु पाचसात कारखाने जवळजवळ असले की एका फिटरचा संसार चाले, आणि फिटर गावातच असल्यामुळे बिघडलेले जिन हंगामात दिवसचे दिवस बंद राहत नसे. मार्शल यांनी सांगितलेली बाह्य बचत ती हीच.

रुई प्रेसमध्ये दाबली जाई. तागाचे बारदान व लोखंडी पट्ट्या यांनी बांधलेली गाठ ३९२ पौंडांची. अशा दोन गाठींची मुंबईची एक खंडी, म्हणजे ७८४ पौंड. आज गाठ १७० किलोची धरली जाते. खंडीचे जुने माप मात्र सुमारे ३५६ किलो या रूपाने बाजारभावात अद्यापि टिकून आहे. बारदान, पट्ट्या, वंगण, कोळसा व पुढे खनिज तेल पुरविणारे दुकानदार प्रेसभोवती वसले. खाली पडलेली सरकी वाया जात नसे. ती बैलांस व दुभत्या जनावरांस चारली जाई. तेलगिरण्या निघाल्यावर तिचे तेल निघू लागले आणि पेंड पुन्हा गाड्यांनी खेड्यात परत गेली. अशा रीतीने शेतकऱ्याची गाडी कापूस घेऊन येई आणि पेंड, मीठ, कापड, लोखंड घेऊन जाई. येताजाता भरलेली गाडी हे पेठेच्या समृद्धीचे एक साधे परंतु खात्रीचे लक्षण होते.

याखेरीज पैशाचा व्यवसाय होता. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि मुंबईत कलदार रुपया. सात हाली रुपयांस सहा कलदार असा त्यांचा सामान्य दर होता. कापूस विकत घ्यावयाचा तो हालीत आणि विकावयाचा तो कलदारात. त्यामुळे हुंडी लिहिणारे, वटविणारे व दराच्या चढउतारावर नजर ठेवणारे पेढीवाले पेठेत अपरिहार्य झाले. राज्याच्या सरहद्दीवर करोडगिरी भरावी लागे. तिचे कागद करणारे माहीतगार लोकही पेठेत असत. खानावळी, धर्मशाळा, गाड्या दुरुस्त करणारे, नालबंद, दाणावैरण विकणारे हे सारे या साखळीचे शेवटचे वेटोळे होते.

यांपैकी कोणताही व्यवसाय एकटा नगर घडवीत नाही. परंतु जिनिंगमुळे प्रेस, प्रेसमुळे वाहतूक, सरकीमुळे तेलगिरणी, तेलगिरणीमुळे पेंड आणि या सर्वांमुळे सावकारी, असे एकाने दुसऱ्यास बोलाविले. सेलू व मानवत यांची वाढ या बोलावण्याची वाढ होय.

५. ज्ञानाचा वाटा : गावरानी कापूस

या पेठांची कीर्ती ज्या मालावर उभी होती तो गावरानी कापूस होता. नांदेड, परभणी व आसपासच्या जिल्ह्यांत होणारा हा देशी कापूस आखूड धाग्याच्या इतर देशी जातींहून सरस मानला जाई आणि मुंबईच्या बाजारात त्यास चढा भाव मिळे. चढा भाव हाच त्याचा शत्रूही ठरला. हलका कापूस गावरानीत मिसळून तो गावरानी म्हणून विकण्याचा मोह व्यापाऱ्यांस व कारखानदारांस होई. एकाने भेसळ केली की त्याचा नफा त्यास एकट्यास मिळे, परंतु पेठेच्या नावास लागणारा बट्टा सर्वांस लागे. संलग्न व्यवसायांच्या समूहात ज्ञान व पत ही जशी सर्वांची मालमत्ता असते, तशीच बदनामीही सर्वांची असते.

या दुखण्यावर दोन दिशांनी उपाय झाले. पहिला बियाण्याचा. १९१८ साली हैदराबाद सरकारने परभणी येथे मुख्य प्रायोगिक शेत स्थापन केले. १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली व कापूस संशोधनास देशभर चालना मिळाली. स्थानिक गावरानीतून निवड करून ‘गावरानी ६’ व त्यामागून ‘गावरानी १२’ यांसारखे सुधारलेले वाण तयार झाले आणि त्यांचा प्रसार करण्यात आला. जिल्ह्याच्या पेठेपासून हाकेच्या अंतरावर संशोधनाचे शेत असणे, ही त्या काळात फार थोड्या ठिकाणांस लाभलेली गोष्ट होती.

दुसरा उपाय बाजाराच्या नियमनाचा. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसंबंधीचा कायदा १८९७ सालीच झाला होता. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, आणि १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली, हैदराबाद राज्यात कृषी बाजारांचा कायदा झाला. रुमालाखालचे सौदे, मनमानी कपात व खोटी मापे यांस आळा घालणे, तोलारी व आडते यांस परवाने देणे आणि बाजाराचा कारभार समितीच्या हाती सोपविणे, हा त्याचा हेतू होता. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांस एकच चौकट मिळाली. या नियमनाने व्यापार मारला नाही. उलट उघड लिलावामुळे लांबच्या गावांतील शेतकरीही विश्वासाने मोंढ्यात येऊ लागला. समूहास शिस्त लावणारी संस्था ही समूहाची वैरी नसते, हा धडा येथे स्पष्ट दिसतो.

६. साखळी जेथे संपली

एवढे असूनही परभणी जिल्ह्यातील पेठांची वाढ गाठीपाशी येऊन थांबली. गाठ बांधली की ती जिल्ह्याबाहेर जाई. सूत, कापड, रंग, छपाई, तयार वस्त्रे हे पुढचे सर्व टप्पे अन्यत्र घडत. गाठीचा भाव मुंबईत ठरे, मोठे भांडवल मुंबईचे, यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या विलायती कारखान्यांची. औरंगाबादेस १८८० नंतरच्या दशकात व नांदेडास १९२० नंतरच्या दशकात कापडगिरण्या निघाल्या. परंतु त्या दोन मोठ्या गिरण्या होत्या. लहान सूतकाते व विणकर यांची दाट वस्ती त्यांच्याभोवती परभणीपर्यंत पसरली नाही.

याची कारणे अनेक आहेत. पहिले कारण हंगामाचे. जिनिंग चारपाच महिने चाले आणि मग मजूर शेतावर किंवा गावी परत जाई. वर्षभर काम नसलेल्या मजुराजवळ कसब साठत नाही. दुसरे कारण भांडवलाच्या वळणाचे. हंगामात सावकारी व सट्टा यांत पैसा लवकर फिरे; गिरणीत तो दहा वर्षे अडकून पडे. व्यापाऱ्याने पहिला मार्ग निवडला यात नवल नाही. तिसरे कारण राजकीय. संस्थानाची सरहद्द, करोडगिरी व दोन चलने यांमुळे व्यापाऱ्यास मध्यस्थीत नफा होता, परंतु कापड करून ब्रिटिश मुलखात विकणाऱ्यास तीच सरहद्द आड येई. चौथे कारण विजेचे. यंत्रमागाच्या युगात वीज लवकर येणाऱ्या गावांस जो आरंभ मिळाला, तो येथे मिळाला नाही.

ही कारणे खरी असली तरी त्यांस अंतिम मानता येत नाही, हे इचलकरंजीच्या उदाहरणावरून दिसते. इचलकरंजी काही कापसाचे कोठार नव्हे. तेही एका जहागिरीचे लहान गाव होते. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला व जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्यास उत्तेजन दिले. पुढे मागामागून खळ देण्याचे कारखाने, सुताचे व्यापारी, मागाचे सुटे भाग करणारे, दुरुस्ती करणारे, रंगकाम व धुलाई करणारे असे व्यवसाय जमत गेले. माग लहान असल्यामुळे कालचा कामगार आज चार मागांचा मालक होऊ शकत होता. परभणीच्या पेठेत हमालाचा आडत्या होणे किंवा जिनवरील बाईने जिनची मालकीण होणे दुर्घट होते. कच्चा माल जवळ असणे हे समूहाच्या आरंभास पुरते. परंतु समूहात शिकलेल्या माणसास स्वतःचा धंदा काढण्याची वाट असल्याखेरीज तो समूह पुढचा टप्पा गाठीत नाही.

७. १९७२ चा बदल

अशा अर्ध्या वाढलेल्या समूहावर १९७२ साली मोठा प्रसंग आला. १९७१ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ च्या हंगामापासून अमलात आणली. शेतकऱ्याचा कापूस शासनाच्या वतीने सहकारी पणन संघ घेऊ लागला आणि खासगी खरेदीस बंदी झाली. १९८४ पासून हे काम राज्य कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालू राहिले, परंतु ठरलेल्या मजुरीवर शासनाचा कापूस पिंजून देणारे म्हणून.

या योजनेमागील हेतू क्षुल्लक नव्हता. आडत्याचे ऋण, मापातील लबाडी व मुंबईच्या सट्ट्यातील चढउतार यांपासून शेतकऱ्यास सोडविणे आणि त्यास हमीभाव देणे हा तो हेतू होता. भाव पडलेल्या हंगामांत अनेकांस तिचा आधार झाला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पैसे हप्त्यांनी व उशिरा मिळणे, खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागणे आणि शेजारच्या राज्यांत भाव अधिक असल्यास कापूस चोरून सरहद्दीपलीकडे जाणे, ही दुखणी कायमची जडली.

समूहाच्या दृष्टीने परिणाम अधिक खोल होता. खरेदीदार एकच असल्यामुळे उत्तम कापूस पारखून त्यास अधिक भाव देण्याची चढाओढ संपली. कारखानदारास मजुरी वजनावर मिळत असल्यामुळे स्वच्छ रुई काढण्यात, नवे यंत्र बसविण्यात त्यास लाभ उरला नाही. धागा ओढून पाहणारे जुने पारखी म्हातारे झाले आणि त्यांच्या मुलांनी किराणा, कापड, खते-बियाणे, कंत्राटे यांकडे मोर्चा वळविला. कारखाना ही विटांची व यंत्रांची वस्तू आहे; तो बंद असला तरी पुन्हा उघडता येतो. पारख ही माणसांत राहणारी वस्तू आहे. ती एक पिढी वापरात नसली की नाहीशी होते.

२००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले व त्याच्या एका विभागात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास साहाय्य देऊ केले. २००२-०३ च्या हंगामापासून खासगी व्यापाऱ्यांस खरेदीची मुभा मिळाली. सेलू व मानवत येथे व्यापार पुन्हा जमला आणि मराठवाड्यातील कापसाच्या प्रमुख बाजारांत त्यांची गणना होते. तीस वर्षांच्या खंडानंतर पेठ पुन्हा उभी राहू शकली, यावरून जुन्या स्थानाचे बळ दिसते. परंतु ती उभी राहिली ती पुन्हा गाठीपर्यंतच, यावरून तिची जुनी मर्यादाही दिसते.

८. संशोधन परभणीस, धंदा जालन्यास

समूहाच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण कापसाच्या पहिल्या टप्प्यातील, म्हणजे बियाण्यातील आहे. १९५६ साली परभणीस कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्रातून १९८४ साली प्रसारित झालेला ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण दीर्घकाळ शेतकऱ्यांत लोकप्रिय होता. बियाण्याच्या विद्येचे माहेर या जिल्ह्यात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि बियाण्याचा धंदा वाढला तो याच लोहमार्गावरील जालना येथे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी स्थापन केली. भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी आरंभ केला होता. या कंपनीभोवती शेतकऱ्यांच्या शेतावर बीजोत्पादन करून घेणारे, परागीकरणाच्या कामात तरबेज झालेले मजूर, बियाणे सुकविणारे, निवडणारे, पिशव्या भरणारे व विकणारे असे लोक तयार झाले. तेथे शिकलेल्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि जालना हे बियाण्यांचे नगर म्हणून ओळखले जाऊ लागले. २००२ साली भारतात बीटी कापसास परवानगी मिळाली, तेव्हा मान्य झालेले पहिले संकरित वाण याच कंपनीचे होते. काही वर्षांतच परभणीच्या शेतातील बियाणे सरकारी शेतावरून येण्याऐवजी कंपनीच्या पाकिटातून येऊ लागले.

जालना व परभणी यांची जमीन, हवामान, लोहमार्ग व राजकीय इतिहास जवळजवळ एक आहे. भेद एवढाच की परभणीस ज्ञान संस्थेत राहिले आणि जालन्यास ते शेतकरी, मजूर व उद्योजक यांच्या हाती पडून त्यातून पोटापाण्याचा धंदा निघाला. विद्यापीठ गावात असणे आणि विद्या गावात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

९. निष्कर्ष

परभणी जिल्ह्यातील कापसाच्या पेठांच्या इतिहासातून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, संलग्न व्यवसाय एकत्र वसल्याने नगरे वाढतात हा सिद्धांत या भूमीस लागू पडतो. राजाश्रय व तीर्थ यांवाचून सेलू आणि स्थानक गावात नसताही मानवत नावारूपास आले ते या कारणाने. दुसरी, समूहाची उंची त्यातील दुकानांच्या संख्येवरून नव्हे, तर साखळीच्या लांबीवरून मोजली पाहिजे. जी पेठ कच्चा माल गोळा करून पाठविण्यापाशी थांबते, तिच्या समृद्धीचा भाव दुसऱ्याच्या बाजारात ठरतो. तिसरी, समूहाचे खरे भांडवल इमारतीत व यंत्रांत नसून माणसांच्या परस्परांशी असलेल्या व्यवहारात असते. बाजार समितीच्या नियमनाने तो व्यवहार शुद्ध केला, म्हणून तो वाढला. १९७२ च्या योजनेने तो बंद केला, म्हणून तो सुकला. दोन्ही वेळी शेतकऱ्याचे हित हाच हेतू होता, परंतु साधने भिन्न होती.

या इतिहासाचा संबंध वर्तमानाशीही आहे. गुलाबी बोंडअळीच्या उपद्रवामुळे व वेचणीच्या वाढत्या खर्चामुळे जिल्ह्यातील अनेक शेतकरी कापसाकडून सोयाबीनकडे वळले आहेत. सोयाबीनची पेठही त्याच मोंढ्यात भरते आणि त्याच आडतीवर चालते. ते धान्यही पोत्यात भरून बाहेरच्या तेलगिरण्यांकडे जाणार असेल, तर पीक बदलले परंतु नगराचे प्राक्तन बदलले नाही, असेच म्हणावे लागेल. मराठवाड्यात सूत व वस्त्रांचे उद्योग यावेत म्हणून राज्याच्या अलीकडील वस्त्रोद्योग धोरणांत सवलती ठेवण्यात आल्या आहेत. सवलतीने कारखाना येतो. समूह मात्र सवलतीने येत नाही. तो येण्यासाठी फिटरास स्वतःची शाळ काढता आली पाहिजे, जिनवरील मजुरास वर्षभर काम मिळाले पाहिजे आणि प्रयोगशाळेतील विद्या मोंढ्यापर्यंत चालत आली पाहिजे. मानवतच्या जुन्या पेठेने स्थानकापासून दूर राहूनही जे टिकवून दाखविले, ते याच प्रकारचे बळ होते.